आगवळीची नोंद

एखाद्या वस्तूची गणना कलेत करावयाची की नाही हे ठरविताना आपला समाज नकळत असे पाहतो की ती वस्तू टिकाऊ द्रव्याची आहे काय, तिला बाजारात भाव आहे काय, आणि तिच्या कर्त्याचे, निदान आश्रयदात्याचे तरी नाव कोणत्या ना कोणत्या दप्तरात चढले आहे काय. जी वस्तू सुताची किंवा लोकरीची असते, जी काही वर्षांत विरून जाते, जी आईने लेकीसाठी किंवा पेठेतल्या एखाद्या पटवेकऱ्याने आठवडेबाजारासाठी केलेली असते, ती कितीही कुशल हाताची असली तरी तिला शृंगाराचे किरकोळ सामान समजून आपण बाजूस सारतो. स्त्रियांच्या वेणीत गुंफली जाणारी आगवळ, तिच्या टोकाचे गोंडे, विवाहात कपाळी बांधावयाच्या मोत्यांच्या व जरीच्या मुंडावळ्या, बंजारा स्त्रीच्या मस्तकामागे झुलणारा कवड्यांचा फुलिया, या सर्वांची आपण आजवर अशीच उपेक्षा केली आहे. आणि ही उपेक्षा आपल्या नगर जिल्ह्यात विशेष खटकावी, कारण धाग्याशी या जिल्ह्याचा संबंध फार जुना आहे.

अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस सीनेच्या काठी नगर शहर वसविले आणि त्यानंतर थोड्याच काळात शेजारच्या भिंगारास लुगडी विणण्याचा धंदा रुजला, अशी परंपरागत हकीकत मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या नगर जिल्ह्यावरील, १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या खंडात नमूद आहे. नगर, भिंगार, संगमनेर आणि पाथर्डी या कसब्यांतून विणकरांचे माग पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिले. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर घोंगडीच्या रूपाने गावोगाव पोहोचली. आणि आज हा जिल्हा ज्या राज्यकर्त्रीच्या नावाने ओळखला जातो त्या अहिल्याबाई होळकर, ज्यांचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडीस झाला, त्यांनी तर नर्मदाकाठी महेश्वरास विणकर आणवून एका थोर वस्त्रपरंपरेला आश्रय दिला. इतके सूत ज्या मुलखातून गेले तेथील स्त्रियांच्या मस्तकावर त्या सुताने कोणती रूपे धारण केली, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारला. लुगड्याचा काठ, मागांची संख्या, विणकराची मजुरी यांविषयी सरकारी कागद पुष्कळ सांगतात. वेणीच्या आगवळीविषयी ते फारसे बोलत नाहीत.

आपल्या प्राचीन विचारपरंपरेला हे मौन मान्य झाले नसते. वात्स्यायनाने कामसूत्रात चौसष्ट कलांची जी गणना केली आहे तिच्यात गीत, वाद्य, नृत्य आणि आलेख्य यांच्याच पंक्तीस माल्यग्रथन, शेखरकापीडयोजन, केशमार्जनातील कौशल्य आणि सूचीवानकर्म यांना बसविले आहे. म्हणजे मस्तकावर धारण करावयाच्या भूषणांची योजना करणे ही चित्र काढण्याइतकीच अभ्यासाने साध्य होणारी विद्या आहे, याविषयी त्याला शंका नव्हती. भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाचे विवेचन करताना देशोदेशींच्या स्त्रियांच्या केशरचना सांगितल्या आहेत आणि आभीर युवतींना दोन वेण्या व नीलप्राय वस्त्र नेमून दिले आहे. ज्यांच्या राजाचा शिलालेख नाशिकच्या लेण्यांत आहे ते हे आभीर आपल्या अगदी शेजारचे. तेव्हा सकाळी शाळेस निघालेल्या मुलीच्या दोन वेण्यांमागे केवढी दीर्घ परंपरा असू शकेल याचा विचार मनात आला म्हणजे त्या वेण्यांकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. अकोले तालुक्यातील टाहाकारीच्या जगदंबेच्या यादवकालीन मंदिरावर ज्या सुरसुंदरी कोरल्या आहेत त्यांच्या केशपाशांकडे निरखून पाहिले तर ध्यानात येते की पाषाणाने आकार तेवढा राखला. तो आकार प्रत्यक्षात ज्याने बांधून धरला असेल तो धागा, त्याचा रंग, त्याचा पीळ, त्याची गाठ, हे सर्व काळाच्या उदरात गेले. दगड घडविणाऱ्या हाताचे वर्णन आपण शिल्पी म्हणून आदराने करतो. त्याच्यासमोर जो जिवंत नमुना होता तो रचणाऱ्या हाताला आपण कोणतीच पदवी दिलेली नाही.

आगवळ ही दिसावयास साधी वस्तू आहे. रेशमी, सुती किंवा लोकरी धाग्यांचे पदर घ्यावयाचे, केसांच्या पेडांबरोबर ते गुंफीत न्यावयाचे आणि वेणीच्या शेवटास गोंड्यांच्या रूपाने मोकळे सोडावयाचे, एवढेच तिचे कार्य. पण ते कार्य साधण्यासाठी ज्या कसबाची आवश्यकता असते ते पटवेकऱ्याच्या बैठकीजवळ घटकाभर बसल्याशिवाय कळत नाही. पायाच्या अंगठ्यात किंवा समोरच्या आकड्यात धाग्याचे टोक अडकवून तो दोन्ही हात मोकळे ठेवतो, आणि मग बोटांनी जे चालते त्यात मोजमापाचे साधन डोळ्यांखेरीज दुसरे नसते. पीळ कमी पडला तर आगवळ केसांत सैल होऊन घसरते. तो अधिक झाला तर ती स्वतःभोवतीच वळते आणि केस तोडते. गोंड्याचे धागे एका मापाने गुंडाळून मध्यावर आवळावयाचे, दुमडून त्यांची मान कलाबतूने वेढावयाची, त्या मानेवर बारीक जाळीची टोपी गुंफावयाची आणि शेवटी खालची टोके कातरीने एका रेषेत आणावयाची. चांगला हात ओळखावयाचा असेल तर त्या मानेवरचे वेढे पाहावेत: ते एकमेकांवर न चढता शेजारी शेजारी निजलेले असतात आणि धाग्याचे शेवटचे टोक कोठे दडविले आहे ते शोधूनही सापडत नाही. शिवाय गोंड्याचे वजन असे बेतलेले असावे लागते की वेणी ताणली न जाता पाठीवर सरळ राहावी आणि चालीबरोबर किंचित झुलावी. स्थिर असता सुंदर दिसणाऱ्या वस्तू जगात पुष्कळ आहेत. ही वस्तू मात्र चालत्या माणसाच्या पाठीवर, जिने ती धारण केली तिला स्वतःला दिसत नसता, सुंदर दिसण्यासाठी योजलेली असते. तिच्या कर्त्याला गतीचा विचार करावा लागतो, आणि माझ्या मते तिच्या कलात्वाचे हेच मुख्य लक्षण होय.

हाच पटवेकरी सोनाराकडून आलेल्या पुतळ्यांच्या माळेला रेशमाचा गोफ घालून, हवी तशी आवळता येणारी सरकगाठ बसवून देत असे. माळ गळ्यात चढली म्हणजे लोक सोनाराचे नाव विचारीत. गोफ जुना झाला की तो काढून फेकला जाई व नवा घातला जाई, आणि अशा रीतीने एका कारागिराची कृती पिढ्यान्‌पिढ्या तिजोरीत राहिली तर दुसऱ्याची उकिरड्यावर गेली.

मराठेशाहीच्या कागदपत्रांत शिरपावाची बाब ज्यांनी वाचली असेल त्यांना एक विसंगती जाणवल्यावाचून राहणार नाही. कोणा सरदारास मंदील दिला, कोणास शेला, कोणास शिरपेच व तुरा, याच्या नोंदी कारकुनांनी तत्परतेने केल्या, कारण पुरुषाच्या मस्तकावरील वस्त्र हा दौलतीच्या मानपानाचा विषय होता. त्या वस्त्राच्या किमतीवरून घराण्याची पायरी ठरे. त्याच वाड्याच्या माजघरात, बहुधा त्याच पेठेतून आणलेल्या रेशमाच्या आणि कलाबतूच्या, ज्या आगवळी फणेरपेटीत ठेवल्या जात त्या मात्र खासगी खर्चाच्या कोणत्या तरी एकत्रित रकमेत विरून गेल्या. द्रव्य तेच, कसब तेच. एक दरबारात गेले म्हणून इतिहास झाले आणि दुसरे माजघरात राहिले म्हणून विस्मृतीत गेले. इतिहासाचा हा पक्षपात आपण आजही तसाच पुढे चालवीत आहोत.

या वस्तूंना क्षुल्लक म्हणणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. एकोणिसाव्या शतकातल्या उच्चवर्णीय घरांत पती निवर्तला म्हणजे स्त्रीचे केशवपन होई, आणि त्याबरोबर फणी, आगवळ, गोंडे, फुले हे सर्व तिच्यासाठी कायमचे संपे. त्या क्रूर रूढीविरुद्ध १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनी वस्तरा खाली ठेवण्याचा निश्चय केला, ही आपल्या सामाजिक इतिहासातील अभिमानाची घटना आहे. जी वस्तू काढून घेणे ही मनुष्यत्वाची विटंबना ठरत होती, ती वस्तू धारण करणे हे मनुष्यत्वाचे एक अंग असलेच पाहिजे. केसांत रंगीत धागा गुंफणारी स्त्री नटव्या हौसेची धनी असते, असे मानणाऱ्या सोवळ्या दृष्टीला एवढे उत्तर पुरे आहे.

आपल्या जिल्ह्यात या कलेचे जे सर्वांत समृद्ध रूप आढळते ते बंजारा समाजाचे. बंजाऱ्यांच्या, म्हणजेच लमाणांच्या, बैलांचे तांडे दख्खनच्या पठारावरून धान्य आणि मीठ वाहत. मोगल आणि मराठे, दोघांच्याही फौजांची रसद त्यांच्या पाठबळावर चाले. पुढे बांधीव सडका झाल्या, १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग नगरवरून सुरू झाला, आणि गोणी लादून चालणाऱ्या बैलाचे काम आगगाडीने उचलले. तांडे स्थिरावले, पाथर्डीच्या डोंगराळ, कोरडवाहू भागात त्यांनी वस्त्या केल्या. पण चालत्या जीवनासाठी निर्माण झालेला वेष वस्ती स्थिर झाल्यावरही स्त्रियांनी कित्येक पिढ्या टाकला नाही. केसांच्या बटांत गुंफून कानांजवळ लोंबती सोडलेली चांदीची घुगरी, तिच्या टोकाशी लोकरीचे गोंडे, काचांनी चमकणारी ओढणी, आणि या सर्वांवर कळस म्हणजे फुलिया-गणो.

गणो ही घागरीखाली मस्तकावर ठेवावयाची चुंबळ. तिला जोडलेला आणि मानेमागे सोडलेला भरतकामाचा चौकोनी पट तो फुलिया. चुंबळीसारखी केवळ उपयोगाची वस्तू, जिच्यासाठी इतर समाजांत जुन्या लुगड्याची चिंधी वळून घेतात, तिच्यावर या स्त्रियांनी केवढी बुद्धी आणि केवढा काळ खर्च केला आहे हे पाहिले म्हणजे मन थक्क होते. जाड सुती कापडाचे थर एकत्र शिवावयाचे, ते इतक्या दाट टाक्यांनी की मूळ कापडाला चामड्यासारखा ताठपणा यावा. त्यावर लाल, निळ्या, पिवळ्या दोऱ्यांनी चौकटी, तिरप्या रेषा, त्रिकोण यांची रचना बसवावयाची. मध्ये काचा जडवावयाच्या, आणि कडेने कवड्यांची रांग लावावयाची. कवडी तशीच शिवता येत नाही. तिची पाठ घासून उघडावी लागते, म्हणजे मग टाका तिच्यातून जातो आणि ती कापडावर सपाट बसते. खालच्या कडेला लोकरीचे गोंडे. छापलेला नमुना नाही, रेखाटन नाही; धागे मोजून मोजून आकृती वाढत जाते आणि कोपऱ्यावर आल्यावर ती कशी वळवावी याचा निर्णय सुई हातात असतानाच घ्यावा लागतो. भूमितीचे हे ज्ञान शाळेत मिळालेले नव्हते, आणि तरीही कोपरा चुकलेला फुलिया क्वचितच दृष्टीस पडतो.

कवडीविषयी थोडे अधिक सांगावेसे वाटते, कारण या पटावरील सर्व द्रव्यांत तीच अर्थगर्भ आहे. ती समुद्रातून येते. मालदीव बेटांतून निघालेल्या कवड्या शतकानुशतके भारताच्या अनेक भागांत किरकोळ देवघेवीचे चलन म्हणून वापरल्या जात होत्या. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या अलीकडे, गर्भगिरीच्या डोंगरांत एका स्त्रीच्या मस्तकामागे ती शिवली जाते तेव्हा तिच्यात व्यापाराच्या त्या लांब वाटांची स्मृती साठविलेली असते. मला तर असेही वाटते की फुलियाची योजना मागून पाहिला जाण्यासाठी झाली याचे कारण तांड्याच्या वाटचालीतच शोधावे: एकामागे एक चालणाऱ्या स्त्रियांत प्रत्येकीच्या दृष्टीसमोर पुढचीची पाठ असे, आणि दिवसचे दिवस जी पाठ पाहावयाची ती सुशोभित असावी असे त्यांना वाटले असल्यास त्यात नवल नाही. हा माझा तर्क आहे. पण तो करताना त्या अज्ञात स्त्रियांच्या रसिकतेविषयी माझा आदर दुणावतो.

कर्नाटकातील संडूरच्या लंबाणी, म्हणजे बंजाराच, भरतकामाला भौगोलिक मानांकन प्राप्त झाले आहे, आणि २०२३ च्या जुलैत हंपी येथे जी-२० परिषदेच्या निमित्ताने साडेचारशेहून अधिक लंबाणी स्त्रियांनी सिद्ध केलेल्या १७५५ नमुन्यांचे प्रदर्शन भरले व त्याची जागतिक विक्रमांत नोंद झाली. त्याच बोलीच्या, त्याच टाक्याच्या आपल्या तांड्यांना त्या मानाचा वाटा मिळालेला नाही. येवल्याच्या पैठणीसाठी आपण जे केले ते योग्यच केले. परंतु पैठणीच्या मागे पेशव्यांचा, निजामाचा, सावकारांचा आश्रय होता, आणि फुलियाच्या मागे कोणीही नव्हते. ज्या कलेला आश्रयदाता नव्हता तिच्याकडे लोकशाही राज्याने अगोदर लक्ष द्यावयास हवे.

फाल्गुनात, रंगपंचमीच्या सुमारास, आपल्याच जिल्ह्यातील मढीच्या कानिफनाथांच्या यात्रेस भटक्या जमातींचे हजारो लोक येतात; गोपाळ, वैदू, कैकाडी, बेलदार असे नाना समाज तेथे एकत्र होतात, आणि गाढवांच्या बाजारासाठी ती यात्रा दूरवर प्रसिद्ध आहे. वर्तमानपत्रांत गाढवांच्या किमती येतात. त्या यात्रेत वावरणाऱ्या स्त्रियांच्या मस्तकांवर, मानांवर, वेण्यांत धाग्याची जी विविधता एका ठिकाणी पाहावयास मिळे, आणि वृद्ध स्त्रियांत अजूनही थोडीबहुत मिळते, तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या कपाळावरील गोंड्याचे आपण मुक्तकंठाने कौतुक करतो. ते कौतुक माणसांच्या वाट्यासही यावे.

जगात हे कौतुक झालेले आहे. जपानात रेशमाचे लहान चौकोनी तुकडे चिमट्याने दुमडून, खळीने चिकटवून त्यांची फुले करावयाची आणि ती केशभूषणात गुंफावयाची अशी एक कला आहे. तिला त्सुमामी कान्झाशी म्हणतात. क्योतो नगरीतील नृत्य शिकणाऱ्या तरुणी दर महिन्यास निराळ्या फुलांचे भूषण धारण करतात: फेब्रुवारीत प्लमचा बहर, मार्चमध्ये मोहरीची पिवळी फुले, एप्रिलमध्ये चेरी, म्हणजे मुलीच्या केसांकडे पाहून ऋतू कळावा. ही भूषणे घडविणाऱ्या कारागिरांस तेथे परंपरेचे वाहक म्हणून मान आहे, त्यांच्या हाताखाली शिष्य शिकतात. आपल्याकडे पंजाबातील परांदा, म्हणजे तेथील आगवळच, लोकगीतांतून आणि चित्रपटांतून सर्वतोमुखी झाला. रेशमाचा तुकडा आणि लोकरीचा धागा ही द्रव्ये सर्वत्र सारखीच स्वस्त. भेद आहे तो पाहणाऱ्याच्या दृष्टीत.

येथे एका आक्षेपाचा परामर्श घेतला पाहिजे, कारण तो प्रामाणिक आहे. या वेषाचा गौरव करणारे लोक स्वतः तो धारण करीत नाहीत, आणि ज्या स्त्रिया तो धारण करीत त्यांच्या मुलींनी तो टाकला याचे कारण त्यांना शहरात, बसगाडीत, कचेरीत, शाळेत कुत्सित नजरा सहन कराव्या लागल्या, असे म्हणतात आणि ते खरे आहे. दिवाळीच्या मागेपुढे ऊसतोडीसाठी घर सोडून निघालेल्या, पहाटेपासून कोयता चालविणाऱ्या स्त्रीने चांदी, काचा आणि कवड्या यांचा भार मस्तकावर वाहावा अशी अपेक्षा करणे हा निर्दयपणा होईल. म्हणून मी कोणाही मुलीस तिच्या आजीचा वेष पुन्हा धारण करावयास सांगणार नाही. केस कसे बांधावेत, बांधावेत की कापावेत, हा सर्वस्वी तिचा अधिकार आहे. माझी मागणी पाहणाऱ्यांकडे आहे. जी वस्तू तिच्या आजीने घडविली ती उपहासास पात्र नव्हती, उच्च प्रतीची कृती होती, हे या समाजाने स्पष्ट शब्दांत मान्य करावे.

मान्य करणे म्हणजे काय, याचा एक वस्तुपाठ महाराष्ट्रातच आहे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, जे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत, त्यांनी आपले आयुष्य अडकित्ते, दिवे, वज्री, फणीकरंडे, दौती अशा घरगुती वस्तू गोळा करण्यात घालविले. लोक ज्या वस्तू मोडीत काढीत त्या त्यांनी पदरमोड करून घेतल्या, आणि अकाली निवर्तलेल्या आपल्या मुलाच्या नावाने, राजाच्या नावाने, ते संग्रहालय उभे केले. टाच घासावयाची वज्री ही कलावस्तू आहे असे त्यांच्या आधी फारसे कोणी मानले नसेल. त्या संग्रहालयातील वज्रींची ओळ पाहिल्यावर ते नाकारणे कोणासही शक्य नाही. आगवळीला आणि फुलियाला असा केळकर अद्याप भेटावयाचा आहे.

नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात नाणी, पोथ्या, नकाशे, शस्त्रे यांचा मोलाचा ठेवा आहे. तेथे एक दालन, दालन नसेल तर एक कपाट, सुताच्या शिरोभूषणांसाठी राखावे. सूत उजेडाने विटते आणि कसरीने खाल्ले जाते, तेव्हा मंद प्रकाशाची आणि नियमित देखरेखीची तरतूद जिल्हा नियोजनाच्या निधीतून व्हावी. रक्कम मोठी लागणार नाही. प्रत्येक वस्तूखाली 'बंजारा भरतकाम' एवढेच लिहून भागणार नाही: जिने ती केली तिचे नाव तिच्या किंवा तिच्या घरच्यांच्या संमतीने लिहावे, तांडा कोणता, सुमारे कोणत्या साली केली, धागा कोठून आणला, कोणत्या प्रसंगी धारण केली, हे सर्व तिच्याच शब्दांत टिपून घ्यावे. ज्या वृद्ध स्त्रिया स्वतःची वस्तू देऊ इच्छिणार नाहीत त्यांच्याकडून ती मागू नये. छायाचित्र आणि हकीकत पुरेशी आहे. बचत गटांच्या प्रदर्शनांत या वस्तू विक्रीस मांडल्या जातील तेव्हा किंमतपट्टीवर कामाला लागलेले दिवस लिहिलेले असावेत, आणि त्या दिवसांची मजुरी निदान शेतमजुरीच्या दराने किमतीत धरलेली असावी. पटवेकऱ्यांपैकी जे अजून धागा हातात घेऊन बसतात त्यांचे कसब चित्रफितीवर घ्यावे आणि जिल्ह्यातील कला महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना त्यांच्यासमोर नेऊन बसवावे.

या नोंदणीस पाथर्डी तालुक्यापासून आरंभ करणे सोयीचे होईल, आणि तो श्रावण-भाद्रपदात करावा, कारण त्या दिवसांत तांड्यांवर माणसे असतात. दसऱ्यानंतर साखर कारखान्यांच्या गाड्या आल्या म्हणजे घरांना कुलुपे लागतात.